खड्ड्यापासून सुरुवात

तिच्या वडिलांचं जळालेल्या विजेच्या मोटारी नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. पाण्याचे पंप, पंखे, पिठाच्या गिरणीची मोटार, गावात जे जळेल ते तिथे येई. तांब्याच्या तारेची रिळं, वॉर्निशचा डोक्यात जाणारा वास आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर ही, असं ते दुकान. अक्षरओळख व्हायच्या आधी तिच्या हातात पक्कड आली, म्हणून घरात तिचं नावच पक्कड पडलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं.

दुकानाच्या पाटीवर मात्र वडिलांच्या नावापुढे 'आणि मुलगा' असं रंगवलेलं होतं. हा मुलगा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, दुकानात यायचा तो फक्त गाडीची किल्ली मागायला.

गावात लिफ्ट एकच होती, दवाखान्यातली, आणि तीही बहुतेक वेळ आजारीच असायची. आईचे डोळे तपासायला गेलेली असताना तिने एकदा ती उघडी पाहिली. शहरातून आलेला मेकॅनिक पॅनलसमोर उकिडवा बसला होता आणि आत ओळीने लावलेल्या तारा दिसत होत्या. आई आत डोळ्यांत औषध घालून बसली, ही बाहेर त्या माणसाचं डोकं खात राहिली. "ही तार कशाला? दार उघडं असताना लिफ्ट चालत का नाही? दोर तुटला तर?" शेवटी तो हसून म्हणाला, "आमच्या कंपनीत शिकाऊ लोक घेतात. इथं मला छळण्यापेक्षा तिथे अर्ज कर."

त्याने ते थट्टेत म्हटलं होतं. तिने तंत्रशाळेचा विजेचा अभ्यासक्रम पुरा केला आणि अर्ज करून टाकला. शहरातून बोलावणं आलं तेव्हा घरात पहिल्यांदा कळलं.

"लिफ्ट?" आई म्हणाली. "लोकांना वर-खाली करायला आम्ही तुला वाढवलं?"

"तू गेलीस तर दुकान कोण बघेल?" वडील म्हणाले. ते रागावले नव्हते, घाबरले होते. बारीक तारेचं काम आताशा त्यांच्याने होत नव्हतं.

"पाटीवर ज्याचं नाव आहे तो बघेल."

"पाटी बदलू का? तुला तेच हवंय का?"

"नको बाबा. पाटी बदलली तरी मी लग्नापर्यंतचीच. मला माझं काम हवंय, माझ्या पायावर."

दोन दिवसांनी आईनेच तोडगा काढला: शहरात मावशीकडे राहायचं, ती म्हणेल तसं वागायचं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिला मूलबाळ नव्हतं आणि भाचीवर जीव होता. अडचण एवढीच, की मावशीच्या तोंडात तीळ भिजत नसे. भाचीने दुपारी काय खाल्लं हे संध्याकाळच्या आत गावात पोचलेलं असे.

कंपनीत पहिल्याच सकाळी साहेबांनी तिच्या अर्जाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा अर्जाकडे. "दुरुस्ती विभागात सध्या जागा नाही," ते म्हणाले. "तात्पुरतं तक्रारींच्या फोनवर बसा."

तात्पुरतं हा शब्द फार चिवट असतो. एकदा चिकटला की सुटत नाही.

फोनची खोली लहान होती. तिथल्या मॅडम करड्या केसांच्या, ताठ पाठीच्या, आणि त्यांच्या टेबलावर धूळ बसायचीही हिंमत नसे. त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली: "अडकलेल्या माणसाला 'घाबरू नका' म्हणायचं नाही. त्याने तो जास्त घाबरतो. त्याला काहीतरी काम द्यायचं."

ती हे इतकं छान करायला लागली की तिचं तिलाच नवल वाटे. एकदा एक गृहस्थ नव्या गादीसकट लिफ्टमध्ये अडकले.

"मला श्वास घेता येत नाहीये!" ते ओरडत होते.

"साहेब, ओरडताय म्हणजे श्वास चाललाय. गादी दुहेरी आहे की एकेरी?"

"दुहेरी! काय संबंध?"

"उभी आहे का?"

"उभीच असणार! झोपवायला जागा कुठाय?"

"मग तिला टेका आणि सावकाश खाली बसा. गादी कशी आहे ते मला सांगा. मलाही घ्यायचीय एक."

मेकॅनिक पोचेपर्यंत त्या गृहस्थांनी तिला कापसाच्या आणि स्पंजच्या गादीतला फरक समजावून सांगितला होता. दार उघडल्यावर ते म्हणाले, इतक्या लवकर कशाला आलात!

तिचं कौतुक व्हायला लागलं, आणि तिथेच घोडं अडलं. ती जितकी चांगली बोले तितकं तिला फोनवरून उठवणं कोणाला परवडेना. ती दर महिन्याला साहेबांकडे जाऊन दुरुस्तीचं विचारी. साहेब दर महिन्याला "बघू" म्हणत. एक वर्ष 'बघू'त गेलं.

मग एके दिवशी मॅडमनी तिला बसवून घेतलं. दार लावून घेतलं. "मी पुढच्या वर्षी निवृत्त होतेय," त्या म्हणाल्या. "ही खोली तुझ्या हाती द्यायची असं मी साहेबांच्या गळी उतरवलंय. स्वतंत्र टेबल, हाताखाली चार जणी. घरी कळव."

गावातल्या मुलीला एवढ्यात असं काही मिळावं ही लहान गोष्ट नव्हती. मावशीने तर पेढे वाटल्यासारखी गल्लीभर बातमी वाटली असती.

"मॅडम, मला नको."

"काय नको?"

"रोज मी अडकलेल्या माणसाला सांगते, धीर धरा, माणूस येतोय. मला धीर द्यायचा कंटाळा नाही आला. पण मला तो येणारा माणूस व्हायचंय."

मॅडमचा चेहरा पडला. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतेयस. तुला ठाऊक आहे, या टेबलापर्यंत यायला मला किती वर्षं लागली?"

"ठाऊक आहे. म्हणूनच तुम्हाला आधी सांगतेय, साहेबांना नाही."

मॅडम तीन-चार दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. पण त्या सरळ बाई होत्या. पाचव्या की सहाव्या दिवशी त्या स्वतः साहेबांच्या खोलीत गेल्या. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण आवाज बाहेरपर्यंत आला. बाहेर येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून दोरखंडाकडे जा. तोंडघशी पडलीस तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

दोरखंड हे कंपनीतल्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकचं टोपणनाव. अंगाने वाळका, बोलायला कमी, आणि वजन उचलायला लागला की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं. त्याने तिला नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. हातात हेल्मेट दिलं आणि तिच्या पाठीवर सुरक्षेचा पट्टा आवळला.

"लिफ्टच्या आत सगळेच उभे राहतात," तो म्हणाला. "आपण लिफ्टच्या डोक्यावर उभं राहायचं. चल."

जुन्या इमारतीचा तो शाफ्ट होता, लिफ्ट वर-खाली जाते ती उभी पोकळी. वरच्या मजल्यावरचं दार त्याने किल्लीने उघडलं. लिफ्टचं छप्पर समोर होतं, तेलकट, ओट्याएवढं. ती पाऊल टाकून त्यावर गेली. दोरखंडाने बटण दाबलं आणि ते छप्पर तिच्यासकट हळूहळू वर निघालं. बाजूच्या फटीतून खाली नजर गेली. सगळे मजले एकाखाली एक अंधारात उतरत गेलेले, आणि तळाला काहीच नाही.

तिने समोरचा लोखंडी आडवा पट्टा दोन्ही हातांनी धरला, तो सोडेचना. दोरखंडाने लिफ्ट थांबवली. तो काही बोलत होता, तिला ऐकू येत नव्हतं. शेवटी त्याने तिचं एकेक बोट सोडवून तिला बाहेर घेतलं. जिन्याच्या पायरीवर बसवलं. पाणी दिलं.

"उंची सगळ्यांना मानवत नाही, पोरी," तो म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं. "तुझा आवाज चांगला आहे. फोनवर सोनं करशील."

संध्याकाळी मावशीकडे तिच्या हातातून चहाची बशी दोनदा निसटली. मावशीने विचारून विचारून सगळं काढून घेतलं, आणि जेवणं व्हायच्या आत गावाहून आईचा फोन वाजला.

"झाली हौस? आता ये परत. बाबांचं काम अडलंय, दादा काही करत नाही."

"आई, मी एकदाच घाबरलेय. एवढ्यावरून कोणी परत येतं का?"

"मग मर तिथे! जा खड्ड्यात!" आईने फोन आपटला.

मग एकाएकी तिला हसू फुटलं. मावशीला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

सकाळी दोरखंड कंपनीच्या दारात पोचला तर ही हेल्मेट घालून उभी. "काका, लिफ्टला खाली खड्डा असतो ना? सगळ्यात तळाशी?"

"असतो."

"मला तिथे टाका. वरून खाली बघायची भीती वाटते. खालून वर बघायची वाटणार नाही. तळापासून एकेक मजला चढत येईन."

दोरखंडाने डोकं खाजवलं. इतक्या वर्षांत शिकाऊ मुलं त्याच्याकडे खड्डा टाळायला सबबी घेऊन आली होती, खड्डा मागायला कोणी आलं नव्हतं. "तिथे घाण असते," तो म्हणाला.

"असू दे."

आणि घाण होतीच. लिफ्टच्या फटीतून माणसं काय काय सांडतात हे खड्ड्यात उतरल्याशिवाय कळत नाही. किल्ल्या, कंगवे, कुणाचा अर्धा दात, सिगारेटची थोटकं, चेंडू, एकदा तर एक आख्खी चप्पल. वर तेलाचे ओघळ आणि साचलेलं पाणी. ती ते उपसे, पुसून काढी, खालच्या स्प्रिंगांना ग्रीस लावी, आणि काम संपलं की मान वर करून त्या उंच काळ्या चौकोनाकडे बघत बसे. दोर कसे जातात, लिफ्ट वर जाताना तोलाच्या वजनाच्या लाद्या कशा खाली येतात, रूळ कुठे जोडलेत. बघता बघता त्या अंधाराला आकार आला. ज्याला आकार असतो त्याची भीती थोडी कमी वाटते.

पावसाळा सरेपर्यंत ती खड्ड्यातच होती. मग पहिल्या मजल्यावर छपरावर उभी राहिली. मग दुसऱ्या. कधी आठवडाभर एकाच मजल्यावर अडे. कधी उलटी होईल असं वाटे, आणि एकदा झालीही. दोरखंडाने पिशवीतून फडकं काढून दिलं. "मला सहा महिने होत होती," तो म्हणाला. "बायकोलाही सांगितलं नव्हतं. तूही कुठे बोलू नकोस."

दुरुस्तीच्या कामाला ठरलेली वेळ नसते. ती उशिरा यायला लागली, कपड्यांना ग्रीस लागायला लागलं, आणि मावशीचा जीव वर-खाली व्हायला लागला. मावशी दारात उभी राही, शेजारणीला विचारी, गावाला फोन करी. एकदा ती सरळ कंपनीत जाऊन साहेबांना भेटून आली, की आमच्या मुलीला लवकर सोडत जा.

त्या दिवशी पक्कडने खोली शोधायला सुरुवात केली. कंपनीपासून चालत जाता येईल अशी, मागच्या अंगाला, एक खिडकी असलेली. घरमालकीण शिवणकाम करायची आणि भाडेकरूंच्या भानगडीत नाक खुपसायला तिला वेळ नव्हता, हा त्या खोलीचा सर्वांत मोठा गुण.

मावशी रडली. "माझं काय चुकलं ते तरी सांग."

"काही चुकलं नाही मावशी. तू मला लहान मुलीसारखं जपतेस. मी इथे राहिले तर लहानच राहीन."

"आता तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

तोंड दाखवायची वेळ लगेचच आली, कारण आई दुसऱ्याच दिवशी मिळेल त्या गाडीने शहरात हजर झाली. दोघी बहिणी चौकशी करत करत, पक्कड काम करत होती त्या इमारतीत पोचल्या. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं, पुढे अडसर लावलेला होता. त्याच वेळी खड्ड्यातून आधी एक हात वर आला, मग हेल्मेट, मग काळं झालेलं तोंड.

"अगं बाई!" मावशी किंचाळली.

आई किंचाळली नाही. ती पुढे आली, पदराने लेकीचा गाल पुसला, पुसल्यावर गाल आणखीच काळा झाला. "हे करायला आली होतीस?"

"हो."

"सामान बांध. आत्ताच्या आत्ता."

"नाही बांधणार, आई."

दोरखंड जिन्याखाली तारा गुंडाळत होता. तो उठून बाहेर गेला. आईचा आवाज चढला. लोक काय म्हणतील, लग्न कसं जमेल, बाप एकटा दुकानात खपतो आणि पोरगी परक्यांची लिफ्ट पुसते, सगळं निघालं. पक्कड अडसराच्या आत उभी राहून ऐकत होती. मध्ये एकदाही तोडलं नाही. आईचा दम संपल्यावर ती म्हणाली, "दुकानात दादाला बसव. त्याला दोन हात आहेत. मी दर महिन्याच्या सुट्टीत येईन तेव्हा बारीक तारेचं काम करून देईन. पण राहायला येणार नाही. तू रागावलीस तरी नाही, रडलीस तरी नाही."

"आणि पडलीस म्हणजे?"

"पट्टा असतो."

आईने तो पट्टा हातात घेऊन ओढून पाहिला. बकल पाहिलं. मग खाली बघत विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"रोज वाटते."

"मग कशी चढतेस?"

"तिला बरोबर घेऊनच चढते. तिला घरी ठेवून यायचं म्हटलं तर मीच घरी राहीन."

सामान मग आईने स्वतःचंच बांधून आणलं, मावशीकडून लेकीच्या खोलीवर. दोन दिवस राहिली. खिडकीला पडदा शिवून घेतला, घरमालकिणीची सगळी माहिती काढली, कपड्यांवरचं ग्रीस कशाने निघेल याचे तीन प्रयोग केले. निघताना गाडीत बसल्यावर म्हणाली, "मला पटलेलं नाही हं." आणि गाडी सुटता सुटता, "जेवणाच्या वेळा सांभाळ."

हिवाळ्यात पक्कडने कंपनीची परीक्षा दिली आणि ती पास झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक तक्रार आली. जुनी उंच इमारत, लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकलेली, आत एक म्हातारं जोडपं. दोरखंड शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. ती जवळच होती.

"मी एकटी जाऊ?" तिने फोनवर दोरखंडाला विचारलं.

"ब्रेक सोडून मोटारीचं चाक हाताने फिरवत लिफ्ट खाली घ्यायची. आधी मेन बंद. जमेल?"

"जमेल."

"मग मला कशाला विचारतेस?"

इमारतीचा रखवालदार तिच्या मागे दारात बघत राहिला. "मेकॅनिक कुठाय?"

"गच्चीची किल्ली द्या," ती म्हणाली.

मोटारीची खोली गच्चीच्याही वर होती आणि तिथे जायला भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी. बाजूला कठडा नाही, वारा सुटलेला, आणि खाली रस्त्यावरच्या गाड्या काडेपेटीएवढ्या. शाफ्टमधला अंधार तिने ओळखीचा करून घेतला होता, पण हे उघडं आकाश नवीन होतं. तिने पट्ट्याचा आकडा वरच्या आधाराच्या दोरात अडकवला, ओढून पाहिला, आणि नजर हातातल्या गजावर ठेवली. हा गज. मग पुढचा. मधल्या एका गजावर ती थांबली आणि पुन्हा निघाली.

खोलीत शिरल्यावर तिने मेन बंद केलं. दरवाजे सगळीकडे बंद असल्याची रखवालदाराकडून फोनवर खात्री करून घेतली. लिफ्टच्या फोनवर म्हणाली, "आजोबा, लिफ्ट आता हळूहळू खाली येईल. दाराला हात लावू नका."

"मी कशाला लावतोय?" आतून आवाज आला. "हिलाच सांगा. मी सांगत होतो जिन्याने जाऊ म्हणून."

"यांचे गुडघे पाहिलेत का जिन्याने जायचे?" आजी मागून म्हणाल्या.

तिने एका हाताने ब्रेक सोडला, दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. चाक जड होतं. मग दोर हलले, लिफ्टचं सगळं वजन तिच्या दंडात उतरलं, आणि दोरावरची मजल्याची रंगाची खूण चाकाजवळच्या खुणेला येईपर्यंत तिने ते सुटू दिलं नाही. ब्रेक लावला.

ती खाली पोचून दार उघडते तोवर आतल्या दोघांचं भांडण जिन्यावरून जावईबापूंवर गेलं होतं. दोघं बाहेर पडले आणि बोलत बोलतच आपल्या दाराकडे निघाले. आजोबा वळून म्हणाले, "बाई, मेकॅनिक भेटला तर त्याला सांगा, हिचा आवाजही फार येतो. लिफ्टचा म्हणतोय मी."

"सांगते," पक्कड म्हणाली.

मग मेन पुन्हा चालू करून ती लिफ्टच्या छपरावर चढली. वरच्या एका मजल्याच्या दाराचं कुलूप झिजून आत वाकलं होतं, म्हणून लिफ्टला दार उघडं असल्याचा भास होत होता. तिने ते बदललं, ग्रीस दिलं, आणि लिफ्ट तळापासून टोकापर्यंत तीनदा चालवून पाहिली, छपरावर उभी राहून, खाली बघत.

दोरखंड संध्याकाळी येऊन ते काम पाहून गेला. शाबासकी त्याच्या स्वभावात नव्हती. त्याने दुसऱ्या दिवसापासून त्या भागातल्या सगळ्या इमारती तिच्या नावावर करून टाकल्या. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या निवृत्तीच्या आवराआवरीत होत्या. त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या इमारतीची लिफ्ट तुझ्याच भागात येते. नीट ठेव. मी आता दिवसभर घरीच असणार आहे, लक्ष ठेवून."

वडिलांचा फोन कधी येत नसे. घरचं सगळं आईकडून कळे: दादा आता सकाळी दुकानात बसतो, कुरकुरत का होईना. एका दुपारी ती एका गच्चीवर डबा खात असताना फोन वाजला आणि पलीकडे वडील होते. ख्यालीखुशाली न विचारता त्यांनी सुरुवात केली.

"लिफ्टची मोटार किती ताकदीची असते गं?"

तिने सांगितलं.

"आणि एवढी थांबून-चालू, थांबून-चालू होते, तर गरम होऊन जळत कशी नाही?"

तिने डब्याचं झाकण लावलं आणि सांगायला लागली. तार कशी भरलेली असते, वारा कसा खेळवतात, ब्रेक कधी पकडतो. पलीकडे नुसतं हं, हं चाललं होतं. मध्येच ते म्हणाले, "थांब, हळू सांग. हे आम्ही कधी पाहिलेलं नाही."

ती हळू सांगायला लागली. एवढ्यात शेजारच्या इमारतीतून निरोप आला, लिफ्ट थांबलीय म्हणून.

"बाबा, बाकीचं संध्याकाळी सांगते. मला आत्ता वर जायचंय."

"अगं, शुभ बोल जरा!"

ती मोठ्याने हसली, पट्टा आवळला आणि निघाली.